टॉपबेस: उदासीन अणूंच्या आयनीभवनासाठी हा डेटाबेस कितपत भरवशाचा?

प्रकाशाच्या माऱ्याने उदासीन अणूमधून इलेक्ट्रॉन निघून जाण्याची शक्यता किती, हे सांगणारी राशी म्हणजे प्रकाश-आयनीभवनाचा काटछेद. रोजच्या बोलण्यात सगळे त्याला क्रॉस सेक्शनच म्हणतात. तेजोमेघाचे तापमान काढायचे असो, पृथ्वीच्या वरच्या वातावरणात दिवसा किती आयन तयार होतात याचा हिशेब मांडायचा असो, की निर्वात कक्षातील वायूत अतिनील किरण किती शोषले जातील याचा अंदाज घ्यायचा असो, हा आकडा प्रत्येक ठिकाणी लागतो. तो ज्याने त्याने स्वतः मोजावा किंवा स्वतः गणिताने काढावा, हे शक्य नसते. म्हणून बहुतेक जण टॉपबेसकडे वळतात. स्ट्रासबर्गच्या खगोलीय डेटा केंद्रातून चालणारी ही सेवा विनामूल्य आहे, तिच्यासाठी नावनोंदणी लागत नाही आणि काही मिनिटांत ती आकड्यांचा मोठा तक्ता पुढे ठेवते. या परीक्षणात मी तिच्याकडे केवळ उदासीन अणूंच्या दृष्टीने पाहिले आहे. तिच्याच आकड्यांवर आधारलेले, वर्नर, फर्लंड, कोरिस्ता आणि याकोव्लेव्ह यांचे १९९६ सालचे सूत्रही सोबत तपासले आहे, कारण प्रत्यक्षात या दोहोंपैकी काय वापरावे हाच प्रश्न पडतो.

टॉपबेस कशासाठी जन्माला आला, हे आधी लक्षात घेतले पाहिजे, कारण त्याचे गुण आणि त्याच्या मर्यादा दोन्ही तिथूनच येतात. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या माइक सीटन यांच्या पुढाकाराने १९८४ मध्ये ऑपासिटी प्रोजेक्ट सुरू झाला. ताऱ्याच्या आतले द्रव्य प्रारणाला किती अडवते, म्हणजेच त्याची अपारदर्शकता किती, हे नव्याने आणि पायापासून काढणे हा त्याचा हेतू होता. त्यासाठी आर-मॅट्रिक्स या क्वांटम गणिताच्या पद्धतीने अणू आणि आयनांच्या ऊर्जापातळ्या, संक्रमणांची तीव्रता आणि आयनीभवनाचे काटछेद मोठ्या प्रमाणावर गणिताने काढले गेले, आणि तेच आकडे टॉपबेसमध्ये ठेवले आहेत. अपारदर्शकता ही असंख्य रेषा आणि अखंड शोषण यांची सरासरी असते. तिच्यात एखादे टोक थोडे इकडे-तिकडे सरकले तरी बेरीज फारशी बिघडत नाही. हा डेटाबेस अशा सरासरीसाठी बांधलेला आहे, आणि जो तो एकेका तरंगलांबीचा नेमका आकडा म्हणून वाचतो, त्याची फसगत होण्याचा संभव मोठा असतो.

वापरण्याची रीत जुन्या वळणाची, पण सरळ आहे. अणुक्रमांक आणि इलेक्ट्रॉनसंख्या असे दोन आकडे द्यावे लागतात. उदासीन अणूसाठी दोन्ही सारखेच असतात. पुढे अवस्थेची खूण तीन अंकांत द्यायची असते: पहिला अंक स्पिनची बहुलता, दुसरा कक्षीय कोनीय संवेग आणि तिसरा समता. हेलियमची मूळ अवस्था १००, सोडियमची २००, ऑक्सिजनची ३१०, अशी ती वाचायची. ही खूण चुकली तर तक्ता येतो, पण भलत्याच अवस्थेचा येतो. त्यामुळे तक्त्याच्या माथ्यावरील बंधन-ऊर्जा आपल्याला अपेक्षित असलेल्या आयनीभवन ऊर्जेच्या जवळपास आहे ना, हे दर वेळी पाहण्याची सवय ठेवावी. ऊर्जा रिडबर्ग या एककात (सुमारे १३.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट) आणि काटछेद मेगाबार्नमध्ये मिळतो. एक मेगाबार्न म्हणजे दहाचा उणे अठरावा घात इतके चौरस सेंटिमीटर. हायड्रोजनपासून सिलिकॉनपर्यंतची सगळी मूलद्रव्ये आणि त्यानंतर गंधक, आरगॉन, कॅल्शियम व लोह एवढी व्याप्ती आहे. पोटॅशियम, क्रिप्टॉन किंवा झेनॉन हवे असेल, तर इथे काहीही मिळणार नाही.

कोणत्याही अशा सेवेची पहिली परीक्षा हायड्रोजनवर घ्यावी, कारण त्याचे उत्तर कागदावर नेमके काढता येते. आयनीभवन जिथून सुरू होते त्या ऊर्जेच्या उंबरठ्यावर, म्हणजे १३.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट किंवा ९१.२ नॅनोमीटरला, काटछेद सुमारे ६.३ मेगाबार्न असतो. वर्नर आणि सहकाऱ्यांच्या सूत्रात हायड्रोजनचे सहगुणक घालून मी आकडा काढला, तो ६.३५ आला. उंबरठ्याच्या दुप्पट ऊर्जेला क्वांटम सिद्धांताचे नेमके उत्तर ०.९३ मेगाबार्न आहे आणि सूत्रही ०.९३ च देते. अनेक घाईच्या प्रारूपांत काटछेद ऊर्जेच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात उतरतो असे धरलेले असते. त्या हिशेबाने इथे ०.७९ येतात, म्हणजे तब्बल १५ टक्के कमी. ज्या मेघात मऊ, म्हणजे कमी ऊर्जेचे, किरण आधीच शोषले गेले आहेत आणि आयनीभवनाचे काम कठीण, म्हणजे जास्त ऊर्जेच्या, किरणांवर येऊन पडले आहे, तिथे हे १५ टक्के सरळ निष्कर्षात उतरतात. सूत्र इतके छोटे आणि इतके अचूक असताना घनाचा नियम वापरण्याचे कारण मला दिसत नाही. एक बारीकशी गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी: एक रिडबर्ग म्हणजे १३.६०६ इलेक्ट्रॉन व्होल्ट, तर खऱ्या हायड्रोजनची आयनीभवन ऊर्जा १३.५९८ आहे, कारण प्रोटॉनचे वस्तुमान अनंत नसते. उंबरठ्याला चिकटून काम असेल तर एवढा फरकही दिसतो.

हायड्रोजनच्या पलीकडे गेल्यावर कागदी उत्तर संपते आणि प्रयोगाचा आधार घ्यावा लागतो. निष्क्रिय वायूंच्या बाबतीत हा आधार भक्कम आहे, आणि त्याचे मोठे श्रेय जेम्स सॅमसन यांनी वापरलेल्या दुहेरी आयन कक्षाच्या पद्धतीला जाते. वायूने भरलेल्या कक्षातून किरणशलाका जाते आणि तिच्या वाटेवर सारख्याच लांबीच्या दोन संग्राहक पट्ट्या एकीमागे एक बसवलेल्या असतात. पहिल्या पट्टीवरचा प्रवाह पहिल्या टप्प्यात शोषल्या गेलेल्या फोटॉनांचा, तर दुसरीवरचा प्रवाह उरलेल्यांपैकी दुसऱ्या टप्प्यात शोषल्या गेलेल्यांचा. दोन्ही प्रवाहांच्या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉगरिथम घेऊन त्याला अणूंच्या संख्या-घनतेने आणि पट्टीच्या लांबीने भागले की काटछेद मिळतो. शलाकेची मूळ तीव्रता किती होती, हे कळण्याची गरजच उरत नाही, आणि प्रकाशमापकाच्या अंशांकनाची सगळ्यात मोठी डोकेदुखी त्यामुळे टळते. उदाहरणादाखल, ३०० केल्विनला आणि १० पास्कल दाबाला दर घन सेंटिमीटरमध्ये सुमारे २४ लाख अब्ज अणू असतात. आरगॉनचा काटछेद ३५ मेगाबार्न धरला आणि पट्ट्या दहा-दहा सेंटिमीटरच्या घेतल्या, तर पहिल्या पट्टीच्या शेवटी जवळपास ४३ टक्के प्रकाश उरतो आणि दोन प्रवाहांचे गुणोत्तर २.३ च्या आसपास येते, जे मोजायला अतिशय सोयीचे आहे.

या पद्धतीलाही अटी आहेत. एका फोटॉनमागे एकच आयन तयार व्हावा लागतो, म्हणून दुहेरी आयनीभवनाच्या उंबरठ्यावर, हेलियमसाठी ७९ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या वर, निराळी दुरुस्ती करावी लागते. दाबमापकातली चूक जशीच्या तशी उत्तरात येते. जाळीच्या मोनोक्रोमेटरमधून, म्हणजे एकच तरंगलांबी निवडणाऱ्या उपकरणातून, ४० नॅनोमीटरचा प्रकाश घेताना दुसऱ्या क्रमाचा २० नॅनोमीटरचा प्रकाशही सोबत येतो आणि तो वेगळाच काटछेद मोजवतो. या सगळ्याची काळजी घेतली, तर निष्क्रिय वायूंचे आकडे काही टक्क्यांच्या आत पक्के होतात. नायट्रोजन, ऑक्सिजन यांचे सुटे अणू मात्र बाटलीत मिळत नाहीत. विद्युत विसर्जनाने रेणू फोडून ते तयार करावे लागतात, आणि किती रेणू फुटले, किती अणू उत्तेजित अवस्थेत आहेत, हे ठरवण्यातच अनिश्चितता वाढते. टॉपबेसची खरी उपयुक्तता अशाच अणूंसाठी आहे, आणि त्याची पारख करण्याचे साधनही नेमके तिथेच कमी पडते.

हेलियमवर दोन्ही साधनांचा स्वभाव उघड होतो. उंबरठ्यावर, म्हणजे २४.५९ इलेक्ट्रॉन व्होल्टला, सूत्रातून मला ७.४ मेगाबार्न मिळाले आणि मोजमापेही याच घरात आहेत. इथपर्यंत सगळे समाधानकारक. पण ६०.१५ इलेक्ट्रॉन व्होल्टजवळ हेलियमचे दोन्ही इलेक्ट्रॉन एकदम उत्तेजित होतात आणि ती अवस्था आपणहून फुटून आयन बनते. मॅडन आणि कॉडलिंग यांनी १९६३ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समधील सिंक्रोट्रॉनच्या प्रकाशात अशा अवस्थांमुळे काटछेदात उठणारी अरुंद टोके, म्हणजेच अनुस्पंदने (रेझोनन्स), पाहिली, आणि त्यांचा तिरपा आकार ज्या सूत्राने समजतो, ते उगो फानो यांनी १९६१ मध्ये मांडले होते. या अनुस्पंदनाची रुंदी इलेक्ट्रॉन व्होल्टच्या अवघ्या चार शतांशांच्या आतबाहेर आहे. फानो सूत्रातला आकारदर्शक अंक सुमारे उणे २.७५ असल्यामुळे कमी ऊर्जेच्या बाजूला काटछेद पार्श्वभूमीच्या साडेआठ पट चढतो आणि लगेच पुढे, इलेक्ट्रॉन व्होल्टच्या विसाव्या भागाइतक्या अंतरावर, जवळजवळ शून्यावर येतो. वर्नर यांचे सूत्र इथे शांतपणे १.३६ मेगाबार्न सांगते. त्याची रचनाच तशी आहे: उंबरठ्याजवळ ऑपासिटी प्रोजेक्टचे आकडे अनुस्पंदने गुळगुळीत करून बसवलेले आहेत, तर उच्च ऊर्जेला ते सूत्र हार्ट्री-डिरॅक-स्लेटर या सरासरी क्षेत्राच्या गणिताशी जुळवले आहे.

मग अनुस्पंदन गाळल्याने किती नुकसान होते? फानो आकाराखालचे जादा क्षेत्रफळ मी काढले, तेव्हा ते सुमारे अर्धा मेगाबार्न-इलेक्ट्रॉन व्होल्ट आले. प्रकाशस्रोत एक इलेक्ट्रॉन व्होल्ट रुंद आणि नेमका इथेच असेल, तर सरासरी काटछेद १.३६ वरून १.९ च्या जवळ जातो. तोच स्रोत दहा इलेक्ट्रॉन व्होल्ट पसरलेला असेल, तर फरक चार टक्क्यांवर येतो. ताऱ्याच्या अखंड वर्णपटासाठी म्हणूनच गुळगुळीत सूत्र चालते, आणि लेझर किंवा सिंक्रोट्रॉनच्या अरुंद शलाकेसाठी ते मुळीच चालत नाही. पण अरुंद शलाकेसाठी टॉपबेसचा कच्चा तक्ता घ्यावा, हेही उत्तर सरसकट बरोबर नाही. एखाद्या गणितात अनुस्पंदनाचे स्थान अर्ध्या टक्क्याने चुकले, तर ६० इलेक्ट्रॉन व्होल्टला ते ०.३ इलेक्ट्रॉन व्होल्ट होतात, म्हणजे अनुस्पंदनाच्या स्वतःच्या रुंदीच्या आठपट. शिखराऐवजी पायथा, पायथ्याऐवजी शिखर, अशी अदलाबदल होते आणि आकडा एका बाजूला थोडा चुकत नाही, तो पूर्णपणे वेगळा होतो. याच कारणाने बाउतिस्ता, रोमानो आणि प्रधान यांनी १९९८ मध्ये अनुस्पंदने ऊर्जेच्या प्रमाणात रुंद करून सरासरी काढलेले काटछेद सुचवले. मला ही भूमिका सगळ्यात प्रामाणिक वाटते: अनुस्पंदनाची एकूण ताकद राखायची, आणि जी अचूकता आपल्याजवळ नाही तिचा आव आणायचा नाही.

टॉपबेसची दुसरी मर्यादा आणखी मूलगामी आहे. त्यातली गणिते एल-एस युग्मनात केलेली आहेत, म्हणजे इलेक्ट्रॉनचा स्पिन आणि त्याची कक्षा यांतली परस्परक्रिया त्यांत धरलेली नाही. आरगॉनच्या बाबतीत याचा अर्थ अगदी स्पष्ट दिसतो. आरगॉनच्या आयनाची मूळ अवस्था सूक्ष्म संरचनेमुळे दोन पातळ्यांत फुटलेली असते, म्हणून उदासीन आरगॉनला १५.७६ आणि १५.९४ इलेक्ट्रॉन व्होल्ट असे दोन उंबरठे आहेत. या दोहोंच्या मध्ये अनुस्पंदनांची एक पूर्ण मालिका आहे, जी बॉयटलर यांनी १९३५ मध्ये पाहिली होती. टॉपबेसमध्ये दोन्ही उंबरठे एकच असल्यामुळे या मालिकेला जागाच नाही. ती चुकीच्या ठिकाणी आहे असेही नाही, ती अस्तित्वातच नाही. ज्यांचा प्रकाश ७८ नॅनोमीटरच्या आसपास आहे, त्यांनी आरगॉनसाठी या डेटाबेसकडे पाहू नये. मोजलेले आकडेच घ्यावेत. त्या पट्ट्याबाहेर मात्र, म्हणजे वीस-तीस इलेक्ट्रॉन व्होल्टचा मोठा फुगवटा आणि पन्नासच्या थोडे अलीकडचा कूपर किमान बिंदू, म्हणजे काटछेद खोल घसरतो ती जागा, पाहायची असेल, तर टॉपबेस पुरेसा उपयोगी आहे.

सोडियममध्ये हीच उणीव निराळ्या रूपाने दिसते. त्याचा उंबरठा ५.१४ इलेक्ट्रॉन व्होल्टला आहे आणि तिथला काटछेद मेगाबार्नच्या दहाव्या भागाइतकाच, म्हणजे हायड्रोजनच्या तुलनेत नगण्य आहे. थोडे वर गेले की तो आणखी घटून किमान बिंदू गाठतो. स्पिन-कक्षा परस्परक्रिया वगळली तर तो किमान बिंदू शून्य असायला हवा. प्रत्यक्षात बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनच्या दोन वाटांचे शून्यबिंदू किंचित वेगवेगळ्या ऊर्जांना येतात, म्हणून बेरीज कधीच शून्य होत नाही. सीटन यांनीच हे १९५१ मध्ये समजावून सांगितले होते. अशा अणूंसाठी मी टॉपबेसचा आकडा टक्केवारीत तपासण्याच्या भानगडीत पडत नाही, कारण शून्याजवळच्या आकड्याची टक्केवारी काहीच सांगत नाही. तिथे दोन मोठ्या राशींचे एकमेकींना खोडणे किती नेमके धरले गेले, हाच प्रश्न असतो आणि कोणत्याही गणिताची ती कठीण जागा आहे.

ऑक्सिजन हा माझ्या मते या सेवेचा सगळ्यात महत्त्वाचा ग्राहक म्हणावा लागेल. पृथ्वीच्या वरच्या वातावरणात सुटा ऑक्सिजन भरपूर असतो. त्याचे आयनीभवन १३.६२ इलेक्ट्रॉन व्होल्टला सुरू होते, आणि आयन उत्तेजित अवस्थेत उरण्याच्या आणखी दोन वाटा १६.९४ आणि १८.६४ ला उघडतात. त्या दोन्ही उंबरठ्यांकडे धावणाऱ्या अनुस्पंदनांच्या रांगा मधल्या पट्ट्यात दाटीने बसलेल्या आहेत. आता सूर्याचा दूर-अतिनील प्रकाश पुष्कळसा अरुंद रेषांमध्ये येतो, त्यातली ८३.४ नॅनोमीटरची रेषा, म्हणजे १४.८७ इलेक्ट्रॉन व्होल्ट, याच पट्ट्यात पडते. रेषा अनुस्पंदनावर पडली की शेजारी, यावर त्या रेषेने होणारे आयनीभवन अवलंबून राहते. इथे गुळगुळीत सूत्र हे उत्तर टाळते आणि कच्चा तक्ता ते छातीठोकपणे, पण कदाचित चुकीचे देतो. माझा सल्ला असा की, टॉपबेसचा तक्ता घ्यावा, त्याचा उंबरठा प्रयोगातल्या उंबरठ्याशी जुळेल इतका सगळा वक्र सरकवावा, प्रत्येक प्रखर सौर रेषेसाठी आजूबाजूच्या काही दशांश इलेक्ट्रॉन व्होल्टमध्ये काटछेद किती बदलतो ते पाहावे, आणि तो बदल निष्कर्षाची अनिश्चितता म्हणून शेवटपर्यंत सोबत न्यावा. रेषा जास्त ऊर्जेच्या बाजूच्या, अनुस्पंदने नसलेल्या अखंड भागात, उदाहरणार्थ हेलियम आयनाच्या ३०.४ नॅनोमीटरला असेल, तर हा सगळा खटाटोप लागत नाही. तिथे वर्नर यांचे सूत्र थेट वापरावे.

उत्तेजित अवस्थांबद्दल फारसे लिहिण्याची गरज नाही, कारण या बाबतीत टॉपबेसला तोड नाही. वर्नर यांचे सूत्र केवळ मूळ अवस्थेपुरते आहे; टॉपबेसमध्ये मुख्य क्वांटम अंक साधारण दहापर्यंतच्या अवस्थांचे काटछेद मिळतात, आणि ताऱ्यांच्या वातावरणाचे असंतुलित (औष्णिक समतोल न धरणारे) प्रारूप करणाऱ्यांना त्यांच्यावाचून पाऊल पुढे टाकता येत नाही.

सेवा म्हणून एक उणीव मला ठळकपणे नोंदवावीशी वाटते. तक्त्यात ऊर्जा आहे, काटछेद आहे, पण अनिश्चिततेचा रकाना नाही. हेलियमसारख्या साध्या अणूचा आणि लोहासारख्या गुंतागुंतीच्या अणूचा आकडा सारख्याच दशांशस्थळांपर्यंत, सारख्याच आत्मविश्वासाने छापला जातो, आणि नवख्या वापरकर्त्याला दोहोंतला फरक कळण्याचा मार्ग नसतो. आतल्या कवचांसाठीही हे साधन नव्हे. क्ष-किरणांच्या पट्ट्यात काम असेल, तर वर्नर आणि याकोव्लेव्ह यांनी १९९५ मध्ये दिलेले प्रत्येक उपकवचाचे वेगळे काटछेद घ्यावेत. त्यांची व्याप्ती जस्तापर्यंत आहे आणि त्यांचा फोर्ट्रान भाषेतील संगणक-प्रोग्रॅम दोन्ही सूत्रे आपोआप जोडून देतो.

उदासीन लोहाबाबत सर्वाधिक सावध राहावे लागते. त्याची आयनीभवन ऊर्जा फक्त ७.९० इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे, म्हणून सूर्यासारख्या ताऱ्यातही अतिनील प्रकाश त्याला सहज आयनित करतो, आणि ताऱ्यातील धातूंचे प्रमाण ठरवताना तोच अणू सगळ्यात जास्त वापरला जातो. अर्धवट भरलेल्या डी-कवचातील इलेक्ट्रॉन एकमेकांच्या हालचालींशी इतके जखडलेले असतात की, प्रत्येक इलेक्ट्रॉन स्वतंत्रपणे सरासरी क्षेत्रात फिरतो असे मानणारी जुनी गणिते उंबरठ्याजवळ काटछेद फारच कमी दाखवत होती. बाउतिस्ता यांनी १९९७ मध्ये, ऑपासिटी प्रोजेक्टनंतर आलेल्या आयर्न प्रोजेक्टच्या अंतर्गत, आर-मॅट्रिक्स पद्धतीने काढलेले काटछेद त्यांच्यापेक्षा पुष्कळ मोठे आले आणि ताऱ्यांच्या वातावरणाच्या प्रारूपांत पुढे ते मोठ्या प्रमाणावर वापरले गेले. लोहासाठी टॉपबेसचा तक्ता उतरवून घ्यायला हरकत नाही, परंतु तो या आकड्यांशी पातळीगणिक ताडून पाहावा, आणि दोन्ही संच घालून प्रारूप स्वतंत्रपणे चालवावे. निष्कर्षात पडणारा फरक छापताना तो वाचकासमोर आकड्यांत ठेवावा.